गादीच्या आधी फळी: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जुनी पॉन्टून बोट (ॲल्युमिनियमच्या पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी, वर सपाट लाकडी डेक म्हणजे तळ असलेली बोट) आरामासाठी कशी तयार करावी, या माझ्या लेखाबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत. पहिली, शीर्षकात आराम आणि अर्धा लेख प्लायवूड, बोल्ट आणि नळकांड्यांवर. सोफ्यांच्या वाट्याला जेमतेम दोन परिच्छेद. दुसरी, कार्पेट काढून टाकायचा सल्ला म्हणजे निव्वळ फॅशन. तिसरी, तिसऱ्या नळकांड्याशिवाय आरामाची बोट होतच नाही, हे मी स्पष्ट लिहिलं नाही. आणि शेवटी जाता जाता तुम्ही सांगितलंय की एक जुनी 22 फुटी बोट बघून ठेवली आहे, सोफे कुजलेत, ते बदलायचे आणि पुढच्या कठड्याबाहेरच्या मोकळ्या डेकवर दोन आरामखुर्च्या बसवायच्या. तक्रारींपेक्षा या शेवटच्या वाक्याची मला जास्त काळजी वाटली, म्हणून आधी तेच घेतो.

त्या खुर्च्या तिथे बसवू नका. कठड्याबाहेर बसलेला माणूस चालत्या बोटीत कशालाच धरून नसतो. चालकाने थ्रॉटल (इंजिनाचा वेग) एकदम कमी केला किंवा दुसऱ्या बोटीची लाट आडवी आली की तो सरळ पुढे पाण्यात जातो. पॉन्टूनच्या दोन नळकांड्यांच्या मधे पाण्याला मोकळी वाट असते आणि त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला इंजिनाचा पंखा फिरत असतो. पुढून पडलेला माणूस त्याच वाटेने मागे जातो आणि तेवढ्या वेळात इंजिन बंद होईलच असं नाही. त्यात दोन माणसांचं वजन अगदी टोकावर आलं की नाक खाली जातं, लाट डेकवर चढते. नांगर टाकलाय, इंजिन बंद आहे, अशा वेळी घडीच्या खुर्च्या मांडून तिथे खुशाल बसा. बोट चालायला लागली की खुर्च्या घडी करून आत, माणसं आत आणि फाटक बंद. बाकीच्या मुद्द्यांवर आपलं पटलं नाही तरी चालेल, पण एवढं माझं ऐका.

आता प्लायवूडवर इतकं का लिहिलं ते सांगतो. माझ्या पहिल्या बोटीत मीही तुमच्यासारखीच सोफ्यांपासून सुरुवात केली. नवं व्हिनाइल (रेक्झिनसारखं प्लॅस्टिकचं कापड), नवा फोम, सगळं मनासारखं झालं. दुसऱ्या हंगामात चालकाची खुर्ची डुलायला लागली. स्क्रू आवळले तर ते जागच्या जागी फिरत राहिले, कारण खालच्या लाकडात धरायला काही उरलंच नव्हतं. सगळे सोफे पुन्हा उचलावे लागले, दोन ठिकाणी नवं व्हिनाइल फाटलं, आणि कार्पेट सोलल्यावर डेकचा मागचा जवळजवळ सगळा भाग भुसभुशीत निघाला. तेव्हापासून मी आरामाचा हिशेब डेकपासून करतो. गादी कितीही मऊ असो, खुर्ची डुलत असेल तर माणूस अंग आखडूनच बसतो.

म्हणून तुमच्या बोटीचं कार्पेट जमेल तिथे उचला आणि जाड टोच्याने लाकूड टोचून बघा. सोफ्यांच्या पेट्यांखाली, फाटकापाशी आणि मागच्या दोन कोपऱ्यांत आधी बघा, कारण पाणी तिथेच साचतं. टोच्या सहज आत गेला तर तो तक्ता बदलायचा. डेकला साधारण पाऊण इंच, म्हणजे 19 मिलिमीटर जाडीचं मरीन प्लाय लागतं. मरीन म्हणजे त्यातला गोंद पाण्याला टिकतो आणि आतल्या थरांत पोकळी नसते, इतकंच. लाकूड शेवटी लाकूडच, ते कुजतं. त्यामुळे प्रत्येक कड आणि बोल्टचं प्रत्येक भोक इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या जलरोधक गोंदाने) बंद करायचं.

इथे माझ्या लेखातली एक खरी चूक आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली. ‘औषध मारलेलं प्लायवूड घ्या’ एवढंच लिहून मी पुढे गेलो. कुजू नये म्हणून लाकडाला देतात त्यातल्या बऱ्याच औषधांमध्ये तांबं असतं. तांबं, ॲल्युमिनियम आणि ओल एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. डेकला खालून आधार देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचं असंच होतं, डेकवरून काही दिसत नाही आणि खाली खड्डे पडत जातात. तांब्याचं औषध असलेला तक्ता थेट ॲल्युमिनियमवर ठेवू नका. हाच नियम बुडाच्या रंगाला. शेवाळ धरू नये म्हणून तांबं घातलेले रंग मिळतात, ते या नळकांड्यांसाठी नाहीत. मूळ लेखातही आता तशी दुरुस्ती केली आहे.

खुर्चीचा खांब स्क्रूने नव्हे, आरपार स्टेनलेस बोल्टने बसवा. डेकखाली धातूची पट्टी, तिच्यावर सैल न होणारा नट, आणि ॲल्युमिनियमला टेकेल तिथे गंजरोधक पेस्ट.

नळकांड्यांचं गणित मी दिलं ते तुम्हाला रुक्ष वाटलं. पण सोफे निवडताना तेच कामाला येतं. 25 इंच व्यासाची, 22 फूट लांबीची दोन नळकांडी अर्धी बुडेपर्यंत गणिताने साधारण 2,100 किलो वजन उचलतात. टोकाकडे ती निमुळती असतात, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. त्यातून डेक, कठडा, इंजिन, इंधन, छत आणि सोफे वजा करा, मग माणसं मोजा. मोठमोठे सोफे, टेबल, पाण्याची टाकी असं वाढवत गेलात तर बोट अर्ध्याहून जास्त बुडून चालते, जड होते आणि साध्या लाटेलाही डेकवर पाणी येतं. नळकांड्यात पाणी शिरलं असेल तर लिटरमागे किलोचं ओझं फुकट वाहायचं, शिवाय बोट एका अंगाला कलते. गळती शोधायला आत अगदी हलका हवेचा दाब द्यायचा, 2 ते 3 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), आणि वेल्डिंगच्या रेषांवर साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडे येतील तिथे गळती. पत्रा बहुतेक वेळा 2 ते 2.5 मिलिमीटरचा असतो, जोरात हवा भराल तर शिवणच उघडेल.

तिसऱ्या नळकांड्याबद्दल. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिनेसोटातल्या अँब्रोज वीरेस यांनी लोखंडी पिंपं दोन ओळींत जोडून त्यांवर लाकडी तक्तपोशी टाकली. त्या पॉन्टूनला दोनच ओळी होत्या, आणि ती सहज उलटत नाही, सपाट राहते, म्हणूनच लोकांना आवडली. शांत, लहान तलावात सावकाश फिरणार असाल तर दोन नळकांडी पुरतात. पाणी मोठं असेल, लाटा उसळत असतील, मोठं इंजिन लावायचं असेल, तर तिसऱ्याने फरक पडतो हे मला मान्य आहे, आणि हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. पण जुन्या दोन नळकांड्यांच्या बोटीला तिसरं जोडायचं म्हणजे आधाराच्या पट्ट्यांपासून इंजिनाच्या बैठकीपर्यंत सगळं तपासावं लागतं. तुमच्या जागी मी तेवढा खर्च सोफे आणि छतावर करीन.

कार्पेट अनवाणी पायांना बरं वाटतं, हे तुमचं बरोबर. माझी तक्रार त्याच्या स्पर्शाबद्दल नाही, ते ओल धरून लाकडावर बसून राहतं त्याबद्दल आहे. तुमची बोट रोज झाकली जात असेल आणि कार्पेट पूर्ण वाळत असेल तर राहू द्या. माझ्याकडे आता विणलेलं व्हिनाइल चिकटवलेलं आहे आणि पाय ठेवायच्या जागी सुटं कार्पेट, संध्याकाळी उचलून वाळत घालायचं. व्हिनाइल घ्याल तर फिकट रंगाचं घ्या. गडद रंगावर दुपारी पाय ठेववत नाही. फोमच्या मऊ चटयांचंही तसंच, शिवाय त्यांवर सोफ्याच्या पायांचे कायमचे खड्डे पडतात.

सोफ्यांवर मी कमी लिहिलं, ही तक्रार मात्र पूर्ण मान्य.

माझ्या दुसऱ्या बोटीत मागे एक लांब, खोलगट, आडवं पडता येईल असा सोफा केला होता. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिथे बसली आणि दहा मिनिटांत हात पुढे करून म्हणाली, ‘मला उठव.’ दिवसभर मग ती फाटकाजवळच्या लहान, ताठ खुर्चीत बसली. मी नंतर टेप घेऊन दोन्ही मोजलं. सोफा जमिनीपासून 35 सेंटिमीटर उंच आणि 60 खोल होता. खुर्ची 44 उंच, 47 खोल, दोन्ही बाजूंना हात टेकायला जागा आणि डोक्यावर सावली. आता मी बैठकीची उंची 43 ते 45 सेंटिमीटर आणि खोली 45 ते 50 ठेवतो, पाठ थोडी मागे कललेली. पाय जमिनीला टेकतात, गुडघ्यांवर जोर न देता उठता येतं. आडवं पडायला एक कोपरा पुरतो. आणि धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकताना हाताशी घट्ट दांडा हवा. आईला खुर्चीइतकाच तो लागला.

बैठकीच्या पेट्या प्लायवूडच्या करू नका. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या मिळतात, त्या कुजत नाहीत. फक्त पाणी निघायला आणि हवा खेळायला भोकं आहेत ना ते बघा. घरच्या सोफ्याचा फोम स्पंजासारखा पाणी धरतो. बोटीसाठी मोठ्या छिद्रांचा, पाणी निथळून जाणारा फोम असतो, महाग पडतो पण उशी कुबट होत नाही. व्हिनाइल ऊन आणि बुरशी सोसणारं, बोटीसाठी केलेलं घ्या. धाग्याची चौकशी आवर्जून करा. सुती धागा कुजतो. पॉलिएस्टर काही वर्षं उन्हात टिकतो, मग कापड धडधाकट असताना शिवणच उसवते. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, धागा उन्हाने जात नाही. आणि डाग काढायला ब्लीच वापरू नका, त्याने धागा कमजोर होतो.

छत निवडताना एक गोष्ट करा. बोट नांगरावर वाऱ्याप्रमाणे फिरत राहते, सावली एका जागी थांबत नाही. म्हणून सर्वांत जास्त वेळ जिथे बसणार त्या जागेच्या दोन्ही बाजूंना पुरेल एवढं छत घ्या, आणि वेगात जाताना ते घडी करून खाली घेता येतं का ते बघा.

आता तुम्ही बघितलेली बोट. पैसे देण्याआधी ती दिवसभर पाण्यात उभी ठेवून पाण्याला समांतर राहते का ते बघा. नळकांडी कोरडी, आडव्या पट्ट्या सरळ आणि फक्त डेक कुजलेला असेल तर बोट घ्या. सोफे नाहीतरी काढणारच आहात, डेक बदलायला याहून सोपी वेळ नाही. नळकांड्यांवर जागोजागी वेल्डिंगची ठिगळं असतील किंवा इंजिनाच्या बैठकीभोवती तडे असतील तर सोडून द्या.

आणि कुजलेले सोफे टाकून देऊ नका. शिवणी उसवून खोळी सपाट करा, प्रत्येक तुकड्यावर नंबर घाला. नव्या व्हिनाइलचं बेतणं त्यावरून होईल.