हँडपंप दिसतो, एल मिळत नाही

इंग्लंडातल्या कुठल्याही शहरात उतरा, फोनवर 'रिअल एल', म्हणजे पिंपातली पारंपरिक इंग्लिश बिअर, शोधा, समोर येतात ते स्टेशनजवळचे चकचकीत बार. काउंटरवर ती ओढायच्या हँडपंपांची रांग, पण निम्म्यांवरची पाटी उलटी फिरवलेली, म्हणजे ती बिअर संपलेली. उरलेल्यांतून ग्लासात पडतं ते कोमट, आंबूस पाणी. अरे, ही जिवंत बिअर आहे! पिंपात पुन्हा आंबते, 11 ते 13 अंशांवर ठेवावी लागते, पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावी लागते. खप नसेल तर एकच पंप ठेवा, पण नीट ठेवा ना! 'कॅम्रा' या एलप्रेमी ग्राहकांच्या संघटनेची माणसं 1971पासून यासाठी भांडताहेत. आणि लोक रिव्ह्यूत बर्गरला पाच तारे देतात, एलबद्दल अवाक्षर नाही. शेफिल्डच्या केलम आयलंडसारख्या भागातला खरा पब परक्या माणसाला सापडणार कसा? आज पंपावर काय आहे, एवढं तरी लिहा की!