स्मर्फांच्या टोपीखाली लाल झेंडा नाही

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. ‘मुलांना ते निळे स्मर्फ दाखवता? मग हे वाचाच.’ स्मर्फ म्हणजे कॉमिक्स आणि कार्टूनमधले, जंगलातल्या गावात राहणारे निळे बुटके. पुढे चार मुद्दे. स्मर्फ हे नाव म्हणजे ‘सोशलिस्ट मेन अंडर रेड फादर’ या शब्दांची आद्याक्षरं. गावाचा म्होरक्या, लाल कपड्यांतला दाढीवाला पापा स्मर्फ म्हणजे कार्ल मार्क्स. गावात पैसा नाही, सगळे एकसारखे, म्हणजे साम्यवाद. आणि त्यांचा शत्रू, सोन्यासाठी हपापलेला गार्गामेल म्हणजे भांडवलदार. थोडक्यात, एका बेल्जियन चित्रकाराने लहान मुलांच्या डोक्यात गुपचूप कम्युनिझम भरला. खाली मामेबहिणीने लिहिलं होतं, ‘बापरे, खरंच?’ तिची मुलगी सहा वर्षांची आहे. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हे सविस्तर.

आधी नावाचं बघू, कारण सगळा मेसेज त्यावरच उभा आहे.

चित्रकाराचं नाव पिएर क्युलिफोर, जन्म १९२८, ब्रसेल्सच्या स्खारबेक भागातला. तो ‘पेयो’ या टोपणनावाने चित्रं काढायचा. १९५७ साली तो मित्र आंद्रे फ्रांकँबरोबर बेल्जियमच्या समुद्रकिनारी सुट्टीवर गेला होता. फ्रांकँही मोठा कॉमिक्स-चित्रकार. जेवताना पेयोला मीठ हवं होतं आणि नेमका शब्द आठवेना. तो म्हणाला, जरा ते ‘श्ट्रुम्फ’ दे. फ्रांकँने तिथेच धागा पकडला: घे हे श्ट्रुम्फ, आणि तुझं श्ट्रुम्फून झालं की परत श्ट्रुम्फ. मग उरलेली सुट्टी दोघं असंच बोलत राहिले.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. आपल्या घरात रोज हेच चालतं. ‘अगं, ते हे दे ना.’ ‘कुठलं हे?’ ‘ते नाही का, हे.’ माझी आजी तर ‘त्या डाळीला जरा हे करून ठेव’ म्हणायची आणि आईला बरोबर कळायचं की फोडणी द्यायचीय. श्ट्रुम्फ म्हणजे हेच ‘हे’. नामाच्या जागी चालतं, क्रियापदाच्या जागीही चालतं. स्मर्फ आजही असंच बोलतात, ते त्या जेवणाच्या टेबलावरून आलंय.

हा शब्द फ्रेंच बोलण्यातून आला. पेयोच्या चित्रकथा छापणाऱ्या ‘स्पिरू’ या फ्रेंच साप्ताहिकाची डच आवृत्तीही निघायची. तिच्यासाठी ‘श्ट्रुम्फ’चं ‘स्मर्फ’ झालं आणि इंग्रजीने ते डचमधून उचललं. जर्मनांनी श्लुम्फ म्हटलं, इटालियनांनी पुफो, स्पॅनिश लोकांनी पितुफो. आद्याक्षरांचा तो खेळ फक्त इंग्रजीत जमतो, आणि इंग्रजी नावाशी पेयोचा संबंध नव्हता. दुसऱ्या भाषेतल्या अनुवादकाने निवडलेल्या शब्दात त्याने गुप्त संदेश लपवला कसा?

आता रंग. स्मर्फ पहिल्यांदा दिसले २३ ऑक्टोबर १९५८ च्या ‘स्पिरू’त, तेही पाहुणे म्हणून. मुख्य गोष्ट होती योहान आणि पिर्लुई या मध्ययुगीन दरबारातल्या जोडगोळीची. पेयोच्या चित्रांत रंग भरायची त्याची बायको नीन. ही बुटकी मंडळी राहणार जंगलात. हिरवा दिला तर पानांत हरवतील, लाल दिला तर डोळ्यांवर येईल. तिने निळा ठरवला. आणि सगळे निळे, सगळ्यांच्या टोप्या-विजारी पांढऱ्या, असे शंभर जण एका चौकटीत उभे केले की त्यांतला म्हातारा वाचकाला सापडणार कसा? त्याला लाल कपडे आणि दाढी दिली. छोट्याशा चौकटीत चित्र काढणाऱ्याला असे निर्णय घ्यावेच लागतात. ५४२ वर्षांचा, औषधी काढे उकळणारा म्हातारा पाहून ज्याला मार्क्स आठवतो, त्याला प्रत्येक दाढीत मार्क्स दिसेल.

तिसरा मुद्दा जरा नीट घेतला पाहिजे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. गावात पैसा नाही हे खरं. १९९२ च्या, पेयोच्या हातच्या शेवटच्या अल्बममध्ये (म्हणजे कॉमिक्सच्या पुस्तकात) एक स्मर्फ माणसांकडे पाहून गावात नाणी आणतो आणि गावाची पुरती वाट लागते. पैशाबद्दलची नाराजी तिथे उघड आहे. पण प्रचार म्हणायचा तर सत्तेबद्दल पेयो काय सांगतो तेही बघावं लागेल.

१९६५ चा राजा स्मर्फचा अल्बम काढून बघा. पापा स्मर्फ वनस्पती शोधायला बाहेरगावी जातो. मागे गावात निवडणूक होते. एक जण प्रत्येकाला हवं ते आश्वासन देतो, भरघोस मतांनी निवडून येतो आणि दुसऱ्या दिवशी सोनेरी कपडे घालून राजा होतो. मग राजवाडा, पहारेकरी, सक्तीचं काम. थट्टा करणाऱ्या स्मर्फला तुरुंग. त्यातून बंड, लढाई. पापा परत येतो आणि सगळ्यांना झापतो: तुम्ही माणसांसारखे वागलात! मला ही कॉमिक्समधली फार मोठी गोष्ट वाटते. हुकूमशहा कसा तयार होतो हे त्यात आठ वर्षांच्या मुलालाही कळेल असं सांगितलंय. हुकूमशाहीचा प्रचारक अशी गोष्ट लिहीत नाही.

ही गोष्ट पेयोने ‘स्पिरू’चा संपादक इव्हाँ देल्पोर्तबरोबर रचली. पुढे दोघांनी गावाचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे करून, एका शब्दावरून भांडणारे स्मर्फ दाखवले. तो त्यांच्या स्वतःच्या देशातला, फ्रेंच आणि डच बोलणाऱ्यांमधला तंटा होता. त्यांना राजकारण दाखवायचं असलं की ते असं उघड दाखवत.

गार्गामेलचं थोडक्यात. तो मध्ययुगीन किमयागार आहे. त्याला परीस बनवायचाय आणि त्याच्या कृतीत स्मर्फ हा एक जिन्नस आहे. सोनं तिथून येतं. त्याचा ना कारखाना, ना नोकर. एक मांजर आणि मोडकं घर. भांडवलदाराचं भांडवल कुठंय?

२०११ साली फ्रान्समध्ये आंत्वान ब्युएनो यांनी स्मर्फांच्या गावात स्टालिनशाही आणि नाझीवाद दोन्ही शोधणारं पुस्तक लिहिलं. पेयोच्या मुलाने, तिएरीने, तेव्हा सांगितलं की वडिलांना राजकारणात रस नव्हता. ‘स्पिरू’ काढणारं द्युपुई हे कॅथलिक घराणं होतं, पानापानावर काटेकोर नजर ठेवणारं. आणि स्मर्फ जगभर पोहोचले ते १९८१ पासून, अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर, शनिवारी सकाळी, जाहिरातींच्या मध्ये. खेळणी, बाहुल्या, करारमदार यांत पेयोचे दिवस जाऊ लागले.

मला वाईट वाटतं ते याचं. पेयोचा जीव योहान आणि पिर्लुईत होता. घोडे, किल्ले, पावसात भिजलेले रस्ते तो त्यात मनापासून काढायचा. १९७० साली त्या मालिकेचा एक अल्बम आला आणि त्यानंतर स्मर्फांच्या कामातून त्याला तिकडे वळायला सवडच मिळाली नाही. २४ डिसेंबर १९९२ ला तो गेला. योहान आणि पिर्लुईचा पुढचा अल्बम आला १९९४ मध्ये, दुसऱ्यांच्या हातचा.