ब्रेडीचा १९९ वा क्रमांक आणि ‘गुण असेल तर संधी मिळतेच’ हा खोटा दिलासा

गेले काही आठवडे मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: अमेरिकन फुटबॉलमधील सर्वाधिक यशस्वी क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू) टॉम ब्रेडी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये १९९ वा निवडला गेला, ब्रॉक पर्डी तर अगदी शेवटचा, म्हणून ड्राफ्टमधला क्रमांक हा निव्वळ कागदावरचा आकडा आहे, हे अमेरिकेतल्या प्राध्यापकांनीही सिद्ध केले आहे, निवडीनंतर सगळ्यांना सारखेच वागवले जाते, आणि ज्याला संधी मिळत नाही त्याची मेहनतच कमी पडलेली असते. टेक्सासमध्ये शाळेच्या संघात राखीव क्वार्टरबॅक असलेल्या माझ्या भाच्याला त्याच्या आजोबांनी हा संदेश नाशिकहून मोठ्या मायेने पाठवला. त्या मुलाने मला विचारले, “मावशी, मला खेळवत नाहीत ते मी कमी मेहनत करतो म्हणून का?” हा प्रश्न त्याच्या मनात घालणाऱ्या मजकुराला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी ड्राफ्टविषयी थोडेसे. दरवर्षी एप्रिलच्या सुमारास एनएफएलचे ३२ संघ महाविद्यालयीन खेळाडूंची सात फेऱ्यांत निवड करतात, आणि आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली पाळी मिळते. इतर जागांवरचे खेळाडू आलटूनपालटून मैदानात येत असतात. पण क्वार्टरबॅक एका वेळी एकच खेळतो, आणि दुखापत किंवा मोठे अपयश आड आले नाही तर हंगामभर तोच खेळतो. आठवड्याच्या सरावातही मुख्य संघाबरोबरच्या जवळजवळ सगळ्या चाली त्याच्याच वाट्याला येतात. राखीव क्वार्टरबॅक त्या काळात बहुधा पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चालींची नक्कल करून आपल्याच बचावफळीला सराव देत असतो. ज्याला स्वतःच्या संघाच्या चाली चालवायलाच मिळत नाहीत, त्याने आपला गुण कुठे आणि कसा दाखवायचा, याचा विचार हा संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

आता ब्रेडीचे उदाहरण. २००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला सहाव्या फेरीत घेतले, तेव्हा त्यांच्याकडे ड्रू ब्लेडसो होता, जो १९९३ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. त्या वर्षी संघाने नेहमीची पद्धत सोडून चार क्वार्टरबॅक ठेवले, म्हणून ब्रेडी संघात टिकला. पहिल्या हंगामात तो एकाच सामन्यात उतरला आणि त्याने केवळ तीन पास फेकले. मार्च २००१ मध्ये पेट्रियट्सने ब्लेडसोशी १० वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. संघाने आपले भवितव्य कोणाच्या हाती सोपवले होते, हे यावरून स्पष्ट होते. त्यानंतर २३ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क जेट्सच्या मो लुईसने ब्लेडसोला अशी धडक दिली की त्याला अंतर्गत रक्तस्राव झाला, आणि ब्रेडी मैदानात आला. तोवर मेहनत करून तो दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक झाला होता, हे मी नाकारत नाही. त्या मेहनतीमुळेच तो त्या दिवशी तयार होता. पण दार त्या मेहनतीने उघडले नाही.

पर्डीची गोष्ट याहून बोलकी आहे. २०२२ मध्ये २६२ व्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सने त्याला घेतले, तेव्हा त्याच्या पुढे ट्रे लान्स आणि जिमी गरापलो होते. सप्टेंबरमध्ये लान्सचा घोटा मोडला आणि डिसेंबरमध्ये गरापलोच्या पायाचे हाड मोडले, तेव्हा पर्डीची पाळी आली. २०१६ मध्ये चौथ्या फेरीत, १३५ वा निवडलेल्या डॅक प्रेस्कॉटचेही तसेच: सराव शिबिरात केलन मूरचा पाय मोडला आणि हंगामापूर्वीच्या सामन्यात टोनी रोमोच्या पाठीला दुखापत झाली. ब्रेडीच्याच वर्षी सहाव्या फेरीत निवडलेल्या मार्क बल्जरला २००२ मध्ये सेंट लुईसकडून संधी मिळाली, तीही पुढचे दोघे जखमी झाल्यावर. ज्या यशोगाथा हा संदेश पुराव्यासारख्या मांडतो, त्यांची सुरुवात दुसऱ्या कुणाच्या तरी दुखापतीने झालेली आहे. ज्यांच्या पुढचा क्वार्टरबॅक जखमी झालाच नाही आणि जे दोन-तीन वर्षे राखीव बसून घरी परतले, त्यांची नावे अशा संदेशांत कधी येत नाहीत. त्या मुलांची मेहनत कमी होती असे म्हणणे मला क्रूर वाटते, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ते ऐकवणे तर अधिकच.

एक अपवाद मात्र मान्य करावाच लागतो. २०१२ मध्ये सिएटल सीहॉक्सने मॅट फ्लिनशी मोठा करार केलेला असतानाही तिसऱ्या फेरीत, ७५ वा निवडलेल्या रसेल विल्सनने सराव शिबिरातच त्याच्याकडून जागा जिंकली, आणि दुसऱ्याच हंगामात संघाला सुपर बोल हा एनएफएलचा अंतिम सामना जिंकून दिला. त्यासाठी कुणाला जखमी व्हावे लागले नाही. मात्र तिथे मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी खुली स्पर्धा घेतली होती, आणि प्रत्येक संघ तशी स्पर्धा घेत नाही.

‘प्राध्यापकांनी सिद्ध केले’ हा दावा अर्धवट वाचनातून आला आहे. डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांनी क्वार्टरबॅकच्या निवडीवर २०११ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ड्राफ्टमधला क्रमांक आणि प्रत्येक चालीमागची कामगिरी यांचा संबंध क्षीण आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. संदेशात तेवढेच उचलले आहे. त्याच निबंधात हेही आहे की वरच्या क्रमांकावर निवडलेल्यांना खेळायला अधिक मिळते. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर संदेशाच्या नेमका उलट अर्थ निघतो: क्रमांक गुणाचे माप म्हणून कच्चा असला, तरी संधीचे वाटप त्यावरूनच होते. शिवाय पहिल्या निष्कर्षावर एक रास्त आक्षेप घेतला गेला आहे. खालच्या फेऱ्यांतले जे कधी मैदानात उतरलेच नाहीत, त्यांची प्रत्येक चालीमागची कामगिरी मोजताच येत नाही. मोजणीत येतात ते त्यांच्यातले निवडक, आधीच सिद्ध झालेले.

क्रमांकाने सर्वांत मौल्यवान काय मिळत असेल, तर चुकण्याची मुभा. १९९८ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या पेटन मॅनिंगने पहिल्या हंगामात २८ इंटरसेप्शन दिले (म्हणजे त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले), जो नवोदितांमधला विक्रम ठरला, आणि संघ १६ पैकी १३ सामने हरला. तरीही त्या हंगामातला प्रत्येक सामना त्यालाच खेळवला गेला, आणि त्या चुकांतूनच तो घडला. सहाव्या फेरीतल्या मुलाला इतके इंटरसेप्शन देईपर्यंत कोण मैदानात ठेवेल? २०१८ चा तिसरा सॅम डार्नल्ड घ्या. जेट्सकडे तीन हंगामांत तो १३ सामने जिंकला आणि २५ हरला. तरी कॅरोलिनाने त्याच्यासाठी दुसऱ्या फेरीतल्या निवडीसह पुढच्या ड्राफ्टमधल्या तीन निवडींचे हक्क मोजले, पुढे सॅन फ्रान्सिस्कोने त्याला राखीव म्हणून घेतले, आणि २०२४ मध्ये मिनेसोटाकडून त्याने १७ पैकी १४ सामने जिंकले. त्याच्या चिकाटीविषयी मला मनापासून आदर आहे, परंतु इतके दरवाजे उघडे राहिले त्यात त्या ‘तिसऱ्या’ क्रमांकाचा वाटा मोठा होता.

वरचा क्रमांक यशाची हमी देत नाही, हे संदेशातले म्हणणे खरे आहे. जमार्कस रसेल २००७ मध्ये पहिला निवडला गेला आणि २०१० मध्ये संघाबाहेर होता. पहिल्या फेरीतल्या जॉश रोझनला ॲरिझोनाने एकाच हंगामानंतर दुसऱ्या संघाकडे पाठवले. पण संधी मिळून ती वाया जाणे आणि संधीच न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राहिला ‘सारखीच वागणूक’ हा मुद्दा. २०११ च्या कामगार करारापासून नवोदितांचे वेतन ड्राफ्टच्या क्रमांकानुसारच ठरते, आणि पाचव्या वर्षाचा पर्याय, म्हणजे करार एका वर्षाने वाढवण्याचा संघाचा हक्क, केवळ पहिल्या फेरीतल्यांच्या करारात असतो. खालच्या फेरीतल्या खेळाडूला काढून टाकणे संघाला फारसे महाग पडत नाही. वरच्याला काढले तर हमीचे पैसे द्यावेच लागतात, शिवाय त्याला निवडणाऱ्या व्यवस्थापकाची चूक सर्वांसमोर येते. २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर लान्सला घेण्यासाठी फोर्टीनायनर्सनी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी दिल्या होत्या, आणि त्याच्या करारात सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलरची हमी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात त्याला डॅलसकडे पाठवले, तरी ती हमी कायम राहिली. त्याच हंगामात पर्डीने संघाला सुपर बोलपर्यंत नेले. त्याचे मूळ वेतन होते ८ लाख ७० हजार डॉलर, आणि तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत नियमाने त्याला नवा करार मागताच येत नव्हता. तो त्याला मे २०२५ मध्ये मिळाला: पाच वर्षांचा, २६ कोटी ५० लाख डॉलरचा.