परदेशातून : आभाराआधीची वीस मिनिटं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्याख्यानाचा क्रम पाठ असतो. ईशस्तवन, परिचय, शाल-श्रीफळ, पाऊण तासाचं म्हणून सव्वा तास चाललेलं भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार. मधे पाच मिनिटं उरलीच, तर 'कुणाला काही विचारायचं असेल तर...' कॉलेजच्या चर्चासत्रात तत्त्वज्ञानाचा पेपर वाचला गेला तरी क्रम हाच. प्रश्नांना वेळ द्यावा की नाही, यावर गावाकडे दोन मतं ऐकू येतात. एकांना वाटतं, पाहुण्याला बोलावून सगळ्यांदेखत अडवणं बरं दिसत नाही. दुसरे म्हणतात, परदेशात बघा कसे सोलून काढतात, तसं पाहिजे.

इंग्लंडमधून पाहताना दोन्ही मतं अपुरी वाटतात. सोलून काढण्याचा जमाना इकडे होता आणि काही विभागांत अजून आहे. पण त्याचे तोटे दिसल्यामुळेच इकडच्या लोकांनी नियम लिहायला घेतले. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ डेव्हिड चॅल्मर्स यांची अशा चर्चांसाठीची नियमावली तत्त्वज्ञानाच्या विभागांत बरीच फिरली आहे. वक्त्याला मधेच तोडू नका, डोळे फिरवू नका, तो हरल्याचं कबूल करीपर्यंत रेटू नका, असं त्यात आहे. ही सगळी सभ्यतेची कलमं झाली. नियमावलीतलं खरं काम करतात ती यंत्रणेची कलमं, आणि आपण उचलायची तर तीच.

हात आणि बोट यांचंच घ्या. नवा प्रश्न असेल तर हात वर करायचा. चालू प्रश्नालाच जोडून काही विचारायचं असेल तर एक बोट. अध्यक्ष कागदावर दोन रकाने करतो आणि बोटांना आधी घेतो, म्हणजे एक मुद्दा धसास लागल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. यातही गोम आहे. बोट वर करून नवाच प्रश्न घुसवणारे असतात आणि त्यांना 'हा हात झाला, रांगेत या' असं सांगायची धमक अध्यक्षात लागते. आपल्याकडे अध्यक्ष वयाने आणि मानाने मोठा असतो, हे इथे उलट सोयीचंच. त्याने शेवटी वीस मिनिटं बोलण्याऐवजी ही रांग सांभाळावी.

प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घ्यायची पद्धत मात्र मला अर्धीच पटते. लाजरी मुलं चिठ्ठीवर लिहितात, हा फायदा खरा. पण सूत्रसंचालक ती वाचताना मऊ करतो, आणि उत्तर चुकलं तर विचारणाऱ्याला पुन्हा बोलता येत नाही. त्यापेक्षा भाषण संपल्यावर पाच मिनिटं थांबावं. मुलं शेजाऱ्याशी बोलून प्रश्न नीट करतात. मग पहिला प्रश्न विद्यार्थ्याचाच घ्यावा. निवृत्त प्राध्यापकांनी सुरुवात केली की मुलं वही बंद करतात.

पेपरवर बोलायला नेमलेला प्रतिसादक असेल तर त्याला पेपर आठवडाभर आधी मिळालाच पाहिजे. दहा मिनिटं म्हणजे बाराशेच्या आत शब्द. पहिली दोन-तीन मिनिटं वक्त्याचं म्हणणं वक्त्यालाही 'होय, हेच' म्हणावंसं वाटेल अशा शब्दांत मांडायचं. मग त्यातलं काय टिकतं ते एका-दोन वाक्यांत, आणि उरलेला वेळ एकाच आक्षेपाला. पाच आक्षेप घेतले की वक्ता त्यातला सर्वांत लेचापेचा निवडून त्यालाच उत्तर देतो आणि वेळ संपतो. आक्षेप नेमका कुठे लागतो तेही सांगावं: गृहीतकावर, गृहीतकातून निष्कर्षाकडे जाणाऱ्या पायरीवर, की निष्कर्षाच्या व्याप्तीवर. आणि वक्त्याला दुरुस्तीची एखादी वाट दिसत असेल तर ती दाखवावी. आपला मजकूर त्याला आदल्या दिवशी पाठवून ठेवावा. अचानक गाठण्यात मर्दुमकी नाही.

हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायचा तो वाद, जिंकण्यासाठी चाललेला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडायची ती वितंडा. (आपण 'वितंडवाद' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबतो.) पराभवाच्या बावीस जागा, म्हणजे निग्रहस्थानं, तिथे मोजली आहेत. त्यांतलं एक 'अननुभाषण': प्रतिपक्षाचं म्हणणं तीनदा सांगितलं गेलं, सभेला समजलं, तरी ते परत मांडता येत नसेल तर तुम्ही हरलात. वक्त्यालाही सूट नाही. तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला कळलं नाही, तर 'अविज्ञातार्थ' म्हणून हार त्याची. व्यासपीठावरच्या काही पेपरांना हा नियम लावून पाहावा!

परत मांडणं हेच आपल्याकडे होत नाही. प्रश्नकर्ता उठतो, 'छान झालं भाषण' म्हणतो आणि आपलं भाषण सुरू करतो. सीमाभागात यावर भाषेचं ओझं आहे. १९५६ पासूनचा वाद, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा. त्यामुळे प्रश्न मराठीत विचारला की कन्नडमध्ये, यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते आधी ठरतं, प्रश्न मागे पडतो. म्हणून बरेच जण मोडक्या इंग्रजीत विचारतात, किंवा गप्प बसतात. मला वाटतं, नुकसान इथे होतं, कारण इकडच्या एकभाषी सभागृहांत नसलेलं साधन बेळगावच्या सभागृहात फुकट आहे.

समजा, पेपर म्हणतो की गरजेला नैतिक वजन असतं, नुसत्या इच्छेला नसतं. कन्नडमध्ये परत मांडायला जा. रोजच्या बोलण्यातला 'बेकु' दोन्हीला चालतो: पाणी बेकु, नवा मोबाईलही बेकु. मराठीत 'हवं'चं बरंचसं तसंच, पण 'लागतं' म्हटलं की कशासाठी लागतं, हे विचारावंच लागतं. प्रश्न तयार झाला: तुमची गरज 'कशासाठी' सांगितल्याशिवाय उभी राहते का? राहत नसेल, तर वजन गरजेचं की त्यामागच्या हेतूचं? बसवण्णांसारख्यांच्या कन्नड वचनांवरच्या पेपरातही असंच. 'अरिवु'चं मराठीत 'ज्ञान' केलं तर युक्तिवाद एकीकडे जातो, 'जाणीव' केलं तर दुसरीकडे. वक्त्याला कुठलं चालेल ते विचारावं आणि न चालणाऱ्या शब्दाने काय बिघडतं तेही.

भाषा ओलांडून परत मांडण्याचा मोठा प्रयोग पुण्यात १९८३ साली झालेला आहे. तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांच्या पुढाकाराने नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे, पंडित ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या मतांवर संस्कृतातून चर्चेला बसले होते. तेवढा पसारा नको. अध्यक्षाने प्रत्येक प्रश्न उत्तराआधी मराठीत आणि कन्नडमध्ये एकदा सांगावा, विचारणाऱ्याला 'बरोबर का?' म्हणावं. येत नसेल त्याने शेजारी येणारा बसवावा. अर्धं मिनिट जातं. वीस मिनिटांत सहाऐवजी पाचच प्रश्न होतील, होऊ देत की.