मेन्यूकार्ड मागितले, तर बिघडले कुठे?

आज दुपारी बाबांना घेऊन एका हॉटेलात गेले होते. बाबांचे वय ७९, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, खिशात बटणांचा फोन. त्यांनी मेन्यूकार्ड मागितले, तेव्हा वेटरने टेबलावर चिकटवलेल्या क्यूआर कोडकडे बोट दाखवले आणि "स्कॅन करा, काका" एवढे बोलून तो निघून गेला. मी स्कॅन केले, तर आधी मोबाइल क्रमांक, मग ओटीपी, आणि त्यानंतर कुठे डोशाचे दर्शन! तोवर बाबांनी काहीही न बघता दोन मसाला डोसे सांगून टाकले होते. छापील कार्ड का नाही, असे विचारल्यावर "करोनापासून बंद केलंय, मॅडम" असे उत्तर मिळाले.

करोनाचे नाव निदान मला तरी सांगू नये. त्या काळात धंदा कसा बदलला, ते मी डोंबिवलीत आमच्या खिडकीतून रोज पाहिले आहे. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली, लोकल बंद, आणि समोरच्या किराणा दुकानातील दोन्ही पोरे गावी निघून गेलेली. साठीच्या शेठनी भाच्याकडून व्हॉट्सॲप शिकून घेतले. हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो सकाळी पाठवायचा, रात्री बेरीज यायची आणि दुसऱ्या दिवशी स्केचपेनने घराचा क्रमांक लिहिलेली पिशवी तयार असायची. पैशांसाठी त्यांनी क्यूआर कोड पुठ्ठ्यावर चिकटवून दोरीपलीकडे बांबूला टांगला होता. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, त्यांच्यासाठी दुपारी दोन ते चार लँडलाइन मोकळी. बाबा तेव्हाच फोन करायचे आणि पलीकडून हमखास प्रश्न यायचा, "पोहे जाडे की पातळ?"

त्याच दिवसांत मोठमोठ्या कंपन्यांची ॲप्स 'स्लॉट उपलब्ध नाही' एवढेच सांगत होती. मे महिन्यात वाशीचा घाऊक बाजार काही दिवस बंद राहिला, तेव्हाही शेठनी कुठून कुठून माल जमवून प्रत्येकाला थोडी थोडी तूरडाळ दिली. कोकणातल्या बागायतदारांनीही त्याच हंगामात सोसायट्यांच्या ग्रुपवर मागणी घेऊन हापूसच्या पेट्या थेट फाटकाशी उतरवल्या. या लोकांनी तंत्रज्ञान घेतले, पण ज्याला ते जमत नाही त्याला दाराबाहेर उभे केले नाही.

५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यातली हॉटेले निम्म्या क्षमतेने पुन्हा उघडली, तेव्हा एकच कार्ड दहा हातांत फिरू नये, ही काळजी रास्त होती. कागद वाचतो, भाव बदलले की पुन्हा छापावे लागत नाही, हेही मान्य, आणि मी स्वतः भाजीवाल्यालासुद्धा यूपीआयनेच पैसे देते. पण तेव्हा अंतर राखण्यासाठी आणलेली सोय आता माणसे कमी ठेवण्यासाठी वापरायची, वर आमचा मोबाइल क्रमांक काढून घेऊन सणासुदीला सवलतींचे संदेश धाडायचे आणि विचारले की करोनाकडे बोट दाखवायचे, याला माझ्या लेखी लबाडी म्हणतात. सॅनिटायझरची बाटली मात्र त्या टेबलावरून केव्हाच गेली आहे!

त्या वेटरवर मी आवाज चढवला, याचे आता वाईट वाटते आहे. आठ टेबले तो एकटा सांभाळत होता, आणि तो निर्णय काही त्याने घेतलेला नव्हता. बाबा परत येताना रिक्षात "डोसा चांगला होता गं" असे दोनदा म्हणाले. त्यांना उत्तप्पा आवडतो, हे मला ठाऊक आहे.

शेठच्या दुकानात आता पैसे मिळाल्याचे मोठ्याने सांगणारा तो डबा आहे, भाचा बिले संगणकावर काढतो. लँडलाइन मात्र अजून गल्ल्याशेजारीच आहे. मघाशी बाबांनी फोन लावून अर्धा किलो पोहे सांगितले आणि मग पलीकडचे काहीतरी ऐकून म्हणाले, "जाडेच हो, नेहमीचे."