"केमिस्ट्रीप्रेमी" यांच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

केमिस्ट्रीप्रेमी साहेब, माझ्या अमाईन्सवरच्या पोस्टखालची तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की टर्शरी ब्युटिलअमाईनच्या नावातच टर्शरी असताना मी त्याला प्रायमरी म्हटलं, "अमोनियापासून बनतं ते अमाईन" एवढ्यावर भागवलं, ॲमाइडचं नावही घेतलं नाही, आकृती दिसत नाही, आणि वर "शिकवायच्या आधी अकरावीचं पुस्तक उघडा".

आकृती पुसट आहे, मान्य. बदलतो.

पण पुस्तक उघडा म्हणजे काय हो? अमाईन्सचा धडा बारावीला आहे, टोमणा मारायचाच तर इयत्ता तरी बघून मारायची. नीट विचारलं असतं तर दोन ओळीत सांगितलं असतं.

आता ते टर्शरी. अमाईनमध्ये बघायचं ते नायट्रोजनकडे. अमोनियाचे तीन हायड्रोजन, त्यातल्या एकाच्या जागी कार्बनचा गट आला की प्रायमरी, दोघांच्या जागी आले की सेकंडरी, तिन्ही गेले की टर्शरी. टर्शरी ब्युटिलमध्ये टर्शरी आहे तो कार्बन, कारण त्याला आणखी तीन कार्बन जोडलेत! नायट्रोजनला तो एकच गट चिकटलाय, दोन हायड्रोजन जागच्या जागी आहेत, मग प्रायमरी नाहीतर काय? उलट ट्रायमिथाइलअमाईन घ्या, तिन्ही गट साधे एकेका कार्बनचे मिथाइल, तरी टर्शरी. तुमचा घोळ झालाय अल्कोहोलमुळे, तिथे ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) ज्या कार्बनवर बसलाय त्या कार्बनवरून ठरतं, म्हणून टर्शरी ब्युटिल अल्कोहोल खरंच टर्शरी असतं. तरी पटत नसेल तर क्लोरोफॉर्म आणि अल्कोहोलिक पोटॅश (अल्कोहोलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून गरम करा, फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा, त्यातून बनणाऱ्या कार्बिलअमाईनचा भयंकर वास प्रायमरीलाच येतो.

आणि हे मी नुसतं वाचून सांगत नाहीये. तारापूर एमआयडीसीत नोकरीला होतो तेव्हा दिवसभर अमाईन्सचीच ड्रम हाताळायचो, सुटल्यावर बोईसरला गाडीत बसलो की शेजारचे नाक दाबून सरकायचे, त्यांना वाटायचं मी सुकटीची पिशवी घेऊन चढलोय. शिळ्या मासळीत ट्रायमिथाइलअमाईनच असतं म्हणा, त्यामुळे त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. तुम्ही कधी ड्रमचं झाकण उघडलंय का?

ॲमाइडचं म्हणाल तर तिथे नायट्रोजनच्या शेजारी कार्बोनिल (ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन) येतो आणि बेसिकपणा, म्हणजे आम्लारीपणा, जवळजवळ जातोच, तो वेगळा विषय आहे, एका पोस्टमध्ये सगळं कोंबायला मी काही गाईड छापत नाही.

पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहिलंत तर बरं होईल.