तीळ गेला, गूळ कुठाय?

माझ्या हनुवटीखाली डावीकडे एक तीळ होता. तीळ आपला नावाला, साइज हरभऱ्याच्या डाळीएवढी, चांगला फुगलेला आणि वर दोन केस. 41 वर्षं आम्ही गुण्यागोविंदाने राहिलो, कुणी त्याच्याबद्दल एक शब्द काढला नाही. भांडण लागलं ते हेल्मेटमुळे. पट्टा बरोब्बर त्याच्यावरूनच जायचा, आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडवर स्कूटर चालवायची म्हणजे मिनिटाला एक खड्डा आणि खड्ड्याला एक घासा. एक दिवस ऑफिसात पोचलो तर कॉलरला रक्त.

घरात लगेच परिषद भरली. सातारची मावशी फोनवर म्हणाली, "घोड्याच्या शेपटीचा केस बांध रे, आठ दिवसांत गळून पडतो." आता मी राहतो घोडबंदर रोडला, पूर्वी म्हणे इथे अरबी घोडे उतरायचे, पण सध्या घोडा फक्त बसच्या पाटीवर. वरातीतल्या घोडीच्या मागे कात्री घेऊन उभं राहायची आपली तयारी नव्हती. शेजारच्या काकांनी चुना आणि धुण्याचा सोडा सुचवला, तो त्यांनी स्वतः 1985 साली लावला होता, ती जागा त्यांनी कौतुकाने दाखवली, आणि ती बघूनच मी पाचपाखाडीतल्या स्किनवाल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली.

डॉक्टरबाईंनी भिंगाचा टॉर्च लावून बघितलं. रंग बदललाय का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, 6 मिलिमीटरच्या वर गेलाय का, हल्ली वाढलाय का. केसाची आयडिया सांगितली तर हातच जोडले. म्हणाल्या, बांधून पाडलात तर तपासायला काय पाठवू? काढलेला तुकडा बायोप्सीला गेलाच पाहिजे. मग भुलीचं इंजेक्शन, आणि खरं दुखतं ते एवढंच, पुढे नुसता मशीनचा चर्र आवाज आणि कोंबडी भाजल्यासारखा वास, तो वास आपलाच आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. दहा मिनिटांत खेळ खल्लास.

रिपोर्ट यायला आठवडा. त्या आठवड्यात रात्री दोन वाजता मोबाइलवर मी काय काय वाचलं ते सांगत नाही. शेवटी आलं 'इंट्राडर्मल नीव्हस', म्हणजे साधा निरुपद्रवी तीळ. एवढं भारदस्त नाव आहे हे आधी माहीत असतं तर कदाचित ठेवला असता.

पण खरी कटकट पुढेच. खपली पडली आणि खाली गुलाबी डाग. तीळ 41 वर्षं कुणाला दिसला नाही, डाग मात्र पहिल्या दिवशी लिफ्टमध्येच दिसला. "पडलास का गाडीवरून?" "शेव्हिंग करताना का?" वॉचमन तर हळूच म्हणाला, "वहिनी ठीक आहेत ना?" त्यात संक्रांत. ऑफिसात जो तो वाटी पुढे करून, "तीळ दिलास, आता गूळ कुठाय?"

डॉक्टरांनी सांगितलं, आपल्या सावळ्या स्किनवर डाग काळा पडायला वेळ लागत नाही, जबड्याच्या कडेला तर कधीकधी जखम फुगून केलॉइड होतं, तेव्हा खपली खाजवायची नाही, उन्हात सनस्क्रीन, आणि जखम पूर्ण भरली की सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने. एवढीशी ट्यूब, त्या पैशात चौघांची मिसळ झाली असती, जिलबीसकट. पट्टा घासू नये म्हणून स्कूटर बंद, टीएमटीची बस सुरू. सकाळच्या बसमध्ये कापूरबावडीपर्यंत कुणाचं ना कुणाचं कोपर हनुवटीला लागतंच, मग जेल माझ्या डागाला कमी आणि लोकांच्या शर्टाला जास्त. दोन महिने झाल्यावर विचारलं, कधी जाणार? "फिका होईल, वर्ष तरी लागतं." तीळ काढायला दहा मिनिटं आणि त्याची आठवण पुसायला वर्ष.

गेल्या आठवड्यात ऑफिसात सर्व्हिस बुकं तपासत होते. क्लार्कने माझं उघडलं, ओळखीची खूण : हनुवटीवर डाव्या बाजूस तीळ. चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"साहेब, तीळ कुठाय?"

"काढला."

"न विचारता?"

मी गप्प.

"बरं, मग डाग लिहू?"

"लिहा. पण तो वर्षभरात जाणारे."

त्याने पेनाचं टोपण लावलं. "मग गेल्यावर या."